ओळी शून्य

साहेबांचा निरोप रात्री साडेनऊला.
"बाराही तालुक्यांची मिळून जनावरं किती? उद्या बैठक आहे."
राजारामपुरी, नववी गल्ली, शटर अर्धं खाली,
शेजारच्या गाड्यावर कटवड्याचा शेवटचा घाणा.

बारा तालुके म्हणजे बारा संग्रह.
करवीर फुगलेला, गगनबावडा मूठभर,
आणि प्रत्येक संग्रहाचे पुन्हा तुकडे
शिरोलीतल्या सहा यंत्रांवर पडलेले,
भावकीत वाटणी झाल्यासारखे.

पहिल्या वर्षी मी सगळ्या नोंदी मागवायचे.
मालकाचं नाव, कितवं वेत, शिंगांचा आकार, विम्याचा हप्ता,
आणि मग बसायचे मोजत.
म्हणजे जिल्ह्यातली झाडून सगळी म्हैस
बिंदू चौकात आणून उभी करायची
आणि मग सुरुवात करायची, एक, दोन...
यंत्राला धाप लागायची.
शैलजा मगदूम पाठीमागून म्हणाल्या,
"काय करालीयास गं? ओळी शून्य माग.
नोंद नको म्हणावं, आकडा तेवढा सांग."

मला आबा आठवले.
मार्केट यार्डात गुळाच्या थप्पीपुढे उभे,
एकाही रव्याचं बारदान न सोडता
लांबी बघायचे, रुंदी बघायचे, उंचीला हात लावायचे
आणि आकडा बोलायचे. चिठ्ठी नंतर.
"सोडून मोजलंस तर मुंग्या मोजशील."

"आणि बारा दारं वाजवत हिंडू नकोस," शैलजाताई,
"एकाच दारात उभी राहा, बाराही नावं घे.
आतल्या आत विचारतात ती."

घेतली.
पापणी लवायच्या आत उत्तर:
आठ लाख एकोणचाळीस हजार दोनशे सहा.
देखणा आकडा, इस्त्री करून ठेवल्यासारखा.
बॅग भरली. चप्पल घातली.

मग उगाच खाली बघितलं.
बारीक अक्षरात, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं:
विचारलं बारांना, बोलले अकरा.

गगनबावडा गप्प होता.
डिस्क भरली असेल, पंखा बसला असेल,
त्यानं कुणाला कळवलं नाही
आणि त्याचं शून्य धरून
बेरीज आपली पुढं निघून गेली होती.

अस्लम नदाफ गाडी काढून शिरोलीला गेला.
साडेअकराला फोन, "बघ आता. बोलालाय."
सतरा हजार तीनशे चाळीस.

झालं म्हणावं, तर
एक बिल्ला, शेवटचे आकडे सत्तर त्रेपन्न,
कागलला तानूबाई खोतांच्या गोठ्यात,
तोच बिल्ला हातकणंगल्यात भूपाल आवटींच्या दावणीला.
वडगावच्या बाजारात विकलेली एकच म्हैस
दोन तालुक्यांत रवंथ करत होती.
अशा किती?
ओळी शून्य मागून हे कळत नाही.
बेरजेला ती म्हैस दोनदाच दिसते.
इथं बिल्ल्याला बिल्ला लावत बसावं लागतं,
करवीरचा कागलला, कागलचा शिरोळला,
आणि यंत्राला परत धाप लागते, लागू दे.

पहाटे दोन आकडे पाठवले.
एक झटपटचा, एक बिल्ल्यांचा,
मध्ये सहा हजार म्हशींचा फरक,
खाली माझा चार ओळींचा खुलासा.
साडेसहाला उत्तर आलं:
"एकच द्या."

घरी जाताना गंगावेशीत थांबले.
कट्ट्यावर धार चाललेली,
पेला हातात, नाकाला फेस,
समोर काळीभोर, कानात पिवळा बिल्ला.
सवयीनं वाचायला वाकले, सत्तर...

तिनं कान झाडला.